लतीची शाळा आणि ह्यांचं टपाल

लिहून ठेवणार चंपा, दत्ताराम घाडी यांची मुलगी, दौलत राऊळ यांची बायको, धंदा घरकाम, राहणार डिलाईल रोड, दुसऱ्या मजल्यावर नळाकडची खोली. ह्यांचं नाव मी कधी घेत नाही. पण बाबुराव म्हणाले, कागदावर घ्यावंच लागतं, म्हणून एकदा घेतलं. पुढे जिथे 'हे' लिहिलंय तिथे हेच समजावे, दुसरा कोणी नाही.

मी शुद्धीवर आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहायला बसवलेलं नाही. उद्या सोमवारी परळच्या हॉस्पिटलात भरती व्हायचं आहे. बाळ आडवं आहे, पोट फाडून काढावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरल्या लेकीच्या, लतीच्या वेळी तर सगळं सरळ होतं, तरी मी जाता जाता राहिले. म्हणून मला भीती वाटते. भीती वाटते म्हणजे अक्कल गेली असं नव्हे, हेपण बाबुरावांनी लिहायला सांगितलं. बाबुराव समोरच्या खोलीत राहतात, वकिलाच्या हापिसात शिपाई आहेत. ते सांगतात तिथे कलम टाकते. बाकी माझं मी लिहिते. मी तिसरी शिकलेली आहे. हसायचं त्यानं हसावं, पण वाचावं.

कलम पहिलं, खोली. खोली भाड्याची आहे, पण बाबांच्या मागे पावती माझ्या नावावर झाली. ती ह्यांच्या नावावर व्हावी आणि पुढे लतीच्या. पागडी घेऊन खोली सोड आणि गावचं घर शाकार, असा सल्ला कोणी दिला तर त्याला जिन्यापर्यंत पोचवून यावं.

कलम दुसरं. डोरलं, कानातल्या कुड्या आणि तांब्याचा हंडा लतीचा. स्टो खानावळवाल्या सुंदराबाईंना. पिन मारल्याशिवाय पेटत नाही ते त्यांना ठाऊक आहे. निळी साडी कोणालाही द्या, सासूबाईंना देऊ नका. ती ह्यांनी पहिल्या पगारात आणली होती, आणि सासूबाई सगळ्या चाळीसमोर म्हणाल्या की असला रंग त्यांच्याकडे गोणपाटाला असतो.

कलम तिसरं, बाबांची छत्री. माझे बाबा ह्याच भागात टपाल वाटायचे. खाकी कोट खात्याचा होता, तो परत गेला. छत्री घरची, ती राहिली. ती ह्यांना. पण ही छत्री डोक्यावर धरायची नसते, पिशवीवर धरायची असते. भिजलेला माणूस सुकतो. पसरलेल्या शाईचं परत अक्षर होत नाही.

आता लती. इथे कलम कितवं ते मी विसरले, बाबुराव नंतर घालतील.

सासूबाई बाळंतपणाला म्हणून गावाहून आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आत लतीकडे बघून म्हणाल्या, चेडवाक मी गावाक घेवन जातलंय. मी म्हटलं, जूनमध्ये तिचं शाळेत नाव घालायचंय. तर म्हणाल्या, "शिकान ता काय मामलेदार होतला?" वडील माणूस, मी तोंडावर बोलले नाही. इथे बोलते. मामलेदार होईल नाहीतर होणार नाही. पण मी असले-नसले तरी लती मुंबईत राहील आणि शाळेत जाईल. आमच्या चाळीतल्या किती मुली थोडे दिवस म्हणून गावाला गेल्या. त्या तिथूनच नांदायला गेल्या. लतीनं सकाळी शाळेत जावं, दुपारी सुंदराबाईंच्या खानावळीत जेवावं, संध्याकाळी बापाजवळ असावं. सुंदराबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, मी गिरणीतली एवढी माणसं जेवू घालते, एका चिमणीचं काय ओझं.

पण हे सगळं ह्यांच्या नोकरीवर उभं आहे. मला झोप नाही ती त्यानं. हे आधी गिरणीत बदली होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. घरात दाणा नसला की पोरगी गावच्या बोटीत बसते, मग आईच्या कागदाला कोण विचारतो. दिवाळीत पोस्टात लागले तेव्हा मी चाळीत पेढे वाटले. अजून कायम झालेले नाहीत. पुढच्या महिन्यात साहेब ठरवणार. आणि हे मला काय सांगतात? "अगं, पत्ता वाचायचा आणि टपाल टाकायचं. त्यात शिकायचं काय?"

त्यात शिकायचं काय ते लिहिते. बाबा रोज जेवताना सांगायचे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून माझ्या कानावर पडलं, नाहीतर कुणाच्या पडणार. हे ह्यांनी वाचावं, आणि ह्यांच्या जागी उद्या कोणी नवा लागला तर त्यानंपण वाचावं.

आधी वरच्या मजल्यावर जायचं आणि वाटत खाली यायचं. हे खालून सुरू करतात. पहिल्या मजल्यावर चहा, दुसऱ्यावर गप्पा, आणि तिसऱ्या मजल्याचं टपाल दुपारी. पाय ताजे असतात तेव्हा जिना चढावा. चहा घ्यायचाच तर बटवडा संपल्यावर घ्यावा. एका घरी घेतला की दुसरं घर रागावतं, दोघांकडे घेतला की साहेब रागावतो.

कडी वाजवायची नाही. आपल्याकडे एका गाळ्यात रातपाळीवाले दिवसा झोपतात आणि दिवसपाळीवाले रात्री. तुम्ही कडी वाजवलीत की दाराशी येतो तो भलताच, आणि शिव्या देतो त्या पोस्टाला. कोण कुठल्या पाळीत ते खानावळवालीला विचारावं. तिला नाही माहीत ते देवाला माहीत नसतं.

नुसत्या नावावर टपाल देऊ नये. एका गाळ्यात एकाच गावचे, एकाच आडनावाचे, आणि नाव ठेवताना ह्या लोकांना दुसरं नाव सुचत नाही. बापाचं नाव विचारावं, वाडी विचारावी. मनिऑर्डर तर ज्याची त्याच्याच हातात, आणि अंगठा असेल तर साक्षीला शेजारी उभा हवा. भाऊ आहे, मेव्हणा आहे, मी पोचवतो, हे चालत नाही. गोड माणसापाशी जास्त सांभाळावं.

कुत्रं भुंकलं तर पळू नये. पिशवी पुढे धरावी आणि उभं राहावं. हे पळतात. मग सगळी चाळ हसते आणि मी नळावर मान खाली घालून उभी.

पत्र वाचून दाखवा म्हटलं तर वाचावं. नाही म्हणू नये, बिचाऱ्यांना दुसरं कोण. पण वाचलं की विसरावं. घरी येऊन, अगं ऐकलंस का, अमक्याच्या बायकोनं काय लिहिलंय, हे बंद. मी ऐकते, ते माझं चुकतं का तुमचं, ह्यावर आता भांडायला वेळ नाही.

आणि फाटका कोपरा.

हे सगळ्यांना माहीत आहे, तरी नव्या माणसासाठी लिहिते. मयताची बातमी असली की गावाहून कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. दारातच वाचतात, फाडून गटारात टाकतात आणि आंघोळीला जातात. बाबा तसलं कार्ड पिशवीत वेगळं ठेवायचे. खालून नाव पुकारायचे नाहीत. सगळी चाळ उरकून शेवटी त्या दारात जायचे, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हातात कधी द्यायचे नाहीत, घरातला थोर माणूस बघायचे. आणि त्या दिवशी त्या घरचं पाणीसुद्धा मागायचे नाहीत.

ह्यांनी काय केलं? नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. एक कार्ड पिशवीच्या बकलात अडकलं आणि ओढताना कोपरा फाटला. ह्यांनी पाहिलं. पाहून काय, तसंच रामदास तावड्यांच्या बायकोच्या हातात दिलं आणि शिट्टी वाजवत पुढे गेले. तिला वाचता येत नाही. तिनं कोपरा बघितला, अक्षराच्या वळणावरून सासूच्या गावचं कार्ड ओळखलं आणि हंबरडा फोडला. सगळी गॅलरी धावली. कार्ड गटारात. कोणी वाचलंच नाही, फाटलेलं कार्ड कोण वाचत बसतो. रामदास गिरणीतून आला, डोक्याचं मुंडण केलं, मिशी काढली आणि मिळेल त्या बोटीनं गावी गेला.

घरी पोचला तर आई खळ्यात भात वाळवत बसलेली. मुलाचं केलेलं डोकं बघून तिनं हातातलं सूप टाकलं आणि विचारलं, "कोण गेलो रे?"

रामदास म्हणाला, "तू."

चाळीत ही गोष्ट सांगून लोक अजून हसतात. मला हसू येत नाही. रामदासची पाळी बुडली, मिशी गेली, आणि त्यानं परत येऊन पोस्टात अर्ज दिला. तो बरोबरच होता. ह्यांना मेमो मिळाला. साहेब म्हणाले, परत तक्रार आली तर घरी बसा. हे मला म्हणतात, बकलाचा दोष. बकल घरी बसणार नाही, लती गावी जाणार आहे.

तर कोपरा आपल्या हातून फाटला तर आधी साहेबांना दाखवायचं, त्यांच्याकडून तसं कार्डावर लिहून घ्यायचं. मग दारात उभं राहून कार्ड पुढे करायच्या आधी मोठ्यानं सांगायचं की सगळे खुशाल आहेत, कोपरा माझ्याकडून फाटला. आधी तोंड, मग हात. शिव्या खायच्या. शिव्या परवडतात.

आणखी एक. सभेला जा, मोर्चाला जा, मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी, ते मीपण म्हणते. प्रभातफेरीत लतीला कडेवर घेऊन मीच गेले होते. पण खाकी उतरवून जा. मागच्या महिन्यात हे पिशवी खांद्याला लावून घोषणा देत नाक्यावर उभे होते. पोलीस कोणाला आधी ओळखणार? गोळ्या झाडल्या त्या साली ह्याच रस्त्यावरून लोक रक्तानं भरलेले पळत आले, ते मी गॅलरीतून बघितलंय. पिशवीत लोकांची आई-बापं असतात. ती घेऊन कुठेही उभं राहायचं नाही.

बाळ जगलं तर त्यालापण इथेच ठेवा. दूध वरचं लावा. मुलगा असला तर बाबांचं नाव ठेवा. मुलगी असली तर लतीला विचारा, ती बरोबर सांगेल.

इथपर्यंत लिहिलं आणि हे सभेहून आले. रविवार, सुट्टी, घसा बसलेला. काय लिहितेस म्हणाले. मी कागद दिला. उभ्यानं वाचायला लागले, मग खाली बसून वाचलं. कुत्र्याचं वाचताना हसले, रामदासचं वाचताना हसले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे सगळं जिवंतपणी सांगायचं की."

मी म्हटलं, "रोज सांगते. आज कागदावर होतं म्हणून ऐकलंत."

हे उठून पिशवीचं बकल बघत बसले. आता त्याला फडकं गुंडाळलंय. एवढे महिने सुचलं नाही.

मग साक्षीदार. बाबुराव म्हणाले, दोन लागतात, आणि ज्याला कागदात काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये. सुंदराबाईंना स्टो दिलाय, म्हणजे त्या गेल्या. बाबुराव एक. दुसरा कोण? चाळीतले बाकी सगळे अजून सभेला. ज्यांना मी काही दिलेलं नाही असं घरात एकच माणूस. सासूबाई.

बाबुरावांनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. मी नको म्हणत होते, पण वाचल्याशिवाय अंगठा देणार नाही म्हणाल्या, आणि ते त्यांचं खरं होतं. गोणपाटाचं ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. लतीचं ऐकून उठल्या आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. लती त्यांच्या मागून गेली. मला वाटलं, झालं, आता कागद असाच राहणार आणि उद्या मी जाणार.

परत आल्या त्या लतीचा हात धरून. बाबुरावांना नाही, मला विचारलं, "शाळेत गेला तर ह्या चेडू माका पत्र लिवतला? आपल्या हातान?"

मी म्हटलं, लिहील.

म्हणाल्या, "आजपावत माका इला ता सगळा दुसऱ्याच्या हातचा. माझ्या झिलाक लिवक येता, तरी तेणा कोणाकडसून लिवन घेतल्यान, गावात कोणी वाचल्यान. मगे लिव तसा तुझ्या कागदात."

बाबुरावांना विचारलं, पत्र मिळालं तर त्या साक्षीतून जातात का? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, पत्र म्हणजे मिळकत नव्हे, लिहा.

म्हणून हे शेवटचं कलम. लती मुंबईतच राहील आणि शाळेत जाईल. तिला अक्षर यायला लागलं की ती दर महिन्याला आजीला स्वतःच्या हातानं कार्ड लिहील. बापानं लिहून द्यायचं नाही, मोडकंतोडकं असलं तरी तसंच जाऊ द्यायचं. पत्ता सासूबाईंनी सांगितला तसा लिहिते: सुभद्रा राऊळ, खालची वाडी, देवळाच्या मागचं घर, पोस्ट आणि तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी.

एवढंच. वर खाडाखोड आहे ती माझीच आहे. मी परत आले तर हा कागद पेटीतच राहू दे, टपालाचं तेवढं ह्यांनी काढून वाचत जावं.

मुक्काम मुंबई, डिलाईल रोड. तारीख ९ मार्च १९५८, रविवार.

सही: चंपा दौलत राऊळ

साक्षीदार पहिला: बाबुराव नारायण कदम, समोरच्या खोलीत राहणार. माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: सुभद्रा राऊळ, लिहिणारीची सासू. डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याशेजारचं नाव तिच्या सांगण्यावरून तिच्या मुलानं लिहिलं आहे. लतीला येईल तेव्हा तिनं त्याखाली परत लिहावं, असं सासूबाईंचं म्हणणं आहे, म्हणून खाली जागा सोडली आहे.