एकोणीस फायली आणि तिरकी अक्षरं

अण्णा,

तुमच्या एकोणीस फायलींपायी माझे शनिवार-रविवार गेले, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी वडिलांना काही लिहायचं तर ते जरा मायेने लिहावं, हे मलाही कळतं. पण माझा पहिला प्रश्न असा आहे की प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर का मारलात? वहीत रेघ संपली की खाली यावं लागतं, संगणकात ओळ आपली आपण खाली उतरते, हे आकुर्डीच्या त्या संगणकाच्या क्लासमध्ये कुणीच सांगितलं नाही का? मथळा मधोमध आणायला तुम्ही स्पेसचं बटण दाबत बसलात. मी मोजलं, एका मथळ्याआधी सदतीस वेळा. पानांचे आकडे हाताने टाइप केलेत, त्यामुळे फायली एकत्र केल्यावर भर पानाच्या मधोमध, ड्रिलच्या कोनाची माहिती चालू असताना, एकटाच एक ‘७’ उभा. आणि फायलींची नावं! ‘ड्रिल’, ‘ड्रिल नवीन’, ‘ड्रिल नवीन खरा’. त्यातला ‘खरा’ हा ‘नवीन’च्या आधीच्या तारखेचा आहे. एक बरं केलंत, सगळं युनिकोडमध्ये टाइप केलंत; नाहीतर मी हा उद्योग सुरूच केला नसता.

कारखान्यात तुम्ही शिकवलेल्या पहिल्या बॅचमधले एक शिकाऊ गेल्या आठवड्यात पुनावळ्याच्या घरी आले होते. आता ते महाळुंग्याच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभाग सांभाळतात, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण तुमचा विषय निघाला की अजून खुर्चीत सावरून बसतात. निवृत्तीनंतर तुम्ही टूलरूमच्या कामाचं पुस्तक टाइप करत होतात, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं ते इतकंच, की अण्णा दुपारी संगणकावर काहीतरी करतात. पेनड्राइव्ह तुमच्या मापं घ्यायच्या व्हर्नियरच्या लाकडी पेटीत सापडला. “ताई, सोमवारी नवी बॅच येती,” ते म्हणाले. “मास्तरांचं पुस्तक पोरांच्या हातात द्यायचं लई दिवसाचं मनात हाय. पण मला एकच फाइल पायजे बघा. झेरॉक्सवाल्याला एकोणीस दिल्या तर तो पानांची पार खिचडी करील. सोमवारी धाच्या आत द्या.” मी म्हणाले, “शनिवारी संध्याकाळीच घ्या.” अठ्ठावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेल्या बाईला एकोणीस फायलींचं काय एवढं, असं मला वाटलं.

डेस्कवरची आमची एक सवय आहे. बातमी कुणाचीही असो, आली की आधी तिचं सगळं फॉरमॅटिंग उडवायचं. वार्ताहर मंडळी कुठे ठळक करतात, कुठे लाल करतात, कुठे आमदारांच्या नावाखाली रेघ मारतात. ते सगळं साफ करायचं आणि मग आपल्या पानाच्या मापात मजकूर बसवायचा. हात इतका बसलेला आहे की विचार करावा लागत नाही, आणि शनिवारी मी तो केलाही नाही. तुमची पहिली फाइल, म्हणजे प्रस्तावना, पेनड्राइव्हवरूनच उघडली. तिच्याच पोटात मागच्या अठरा फायली ओळीने ओतल्या. प्रत्येकीचा समास वेगळा, अक्षराचा आकार वेगळा, एकीचा तर कागदच लांबडा. पाहूनच डोकं फिरलं. सगळं निवडलं, साफ केलं, सेव्ह केलं. मधे मधे काही ओळींची अक्षरं तिरकी झालेली दिसली होती. मला वाटलं, अण्णांचं बोट चुकून कुठल्यातरी बटणावर पडलं असणार. तुमचे एंटर काढले, मथळे लावले, अनुक्रमणिका बनवली आणि साडेचारला फाइल पाठवून दिली. पान वेळेत सोडल्यावर वाटतं तसं छान वाटलं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन. “ताई, फाइल झ्याक झालीय. पण तिरकं कुठं गेलं?”

“कसलं तिरकं?”

“मास्तरांचं. ह्ये समदं सरळच दिसतंय की.”

मी म्हणाले, “ते चुकून झालं होतं. मी काढून टाकलं.”

मग म्हणाले, “ताई, ग्राइंडरचा धडा उघडा. चाकाच्या चिरेचं वाचा बरं मोठ्यानं.”

मी वाचलं. ‘केसाएवढी चीर असलेलं चाक हलक्या कामाला चालतं. मी असं चाक कधी चढवलेलं नाही.’

“ह्यातली पहिली ओळ मास्तरांनी तिरकी लिहिली असणार. मास्तर फळ्यावर बी तसंच लिहायचे. सरळ लिहिलं म्हंजी सोता केलंय. तिरकं लिहिलं म्हंजी नुसतं ऐकलंय, केलेलं न्हाई. आमा सगळ्यांना ठावं होतं ते. आता ह्ये असं सरळ छापलं तर पोरगं पहिली ओळ वाचंल अन् चाक चढवंल. त्ये फुटलं तर डोळाच जातो, ताई.”

मी जुनी फाइल उघडून पाहिली. पहिली ओळ तिरकी होती, दुसरी सरळ. खरं सांगते अण्णा, भीती वाटायच्या आधी मला तुमचा राग आला. हे पहिल्या पानावर एका ओळीत लिहायला काय झालं होतं? एकशे चाळीस पानं लिहिलीत, चहाचा कप मशीनवर ठेवू नये यावर पाऊण पान खर्च केलंत, आणि ज्यावर सगळं पुस्तक उभं आहे तेवढं मात्र वाचणाऱ्याला ठाऊकच असणार असं धरून चाललात! तुमच्या पोरांना ठाऊक होतं. घरात कुणाला होतं?

आणि मग आठवलं की घरातही होतं. आपली आकुर्डीची ती दोन खोल्यांची जागा, स्वयंपाकघरात ओट्याखाली रॉकेलचा डबा. मी सहावीत असेन. जेवताना सांगतेय की आमच्या वर्गातल्या एकीने बाईंच्या पर्समधून पेन चोरलं. तुम्ही भाताचा घास हातात धरून विचारता, “पाहिलंस की ऐकलंस?” ऐकलं, मी म्हणते. “मग ऐकलं म्हण. चोरलं म्हणू नकोस.” आई म्हणते, “जेवू द्या तिला, कोर्ट नंतर भरवा.” पुढे नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला सहा इंची स्टीलची पट्टी दिलीत, टूलरूममधली, आकडे खोल कोरलेली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच महिन्यात माझी पहिली बातमी नावानिशी छापून आली, भोसरीतल्या एका गोदामाच्या आगीची. मी अंक तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत आणि विचारलंत, “तिथे गेली होतीस?” मी फोनवरून घेतली होती. तेवढं तुम्हाला पुरलं. मला मात्र ते इतकं लागलं की त्यानंतर मी माझं काहीही तुम्हाला दाखवलं नाही. वर्षभरात डेस्कवर गेले. तिथे दुसऱ्यांचं लिहिलेलं नीट करायचं असतं आणि खाली आपलं नाव येत नाही. मला ते सोयीचंच वाटलं.

असो. रविवारी सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला आधी सगळ्या फायलींची वेगळी प्रत काढली, जे शनिवारी करायला हवं होतं. नवी कोरी फाइल उघडली, तिच्यात एकेक धडा त्याच्या मूळ रूपासकट घेतला, दोन धड्यांमध्ये विभाग तोडला, म्हणजे एकाचा समास दुसऱ्यावर चढणार नाही. मग कशालाही हात लावण्याआधी फक्त तिरकी अक्षरं शोधायला लावली आणि जिथे जिथे सापडली तिथे त्यांना एक वेगळी स्टाइल दिली. तिचं नाव ठेवलं ‘ऐकीव’. आता बाकीचं कितीही नीटनेटकं केलं तरी ते तिरकं राहतं. साधी गोष्ट आहे, अर्ध्या तासाची. माझ्यासारखीने पहिल्याच दिवशी करायची गोष्ट. शिवाय पहिल्या पानावर मी एक ओळ घातली: ‘तिरक्या अक्षरांतला मजकूर लेखकाने ऐकलेला आहे, सरळ अक्षरांतला स्वतः केलेला किंवा पाहिलेला आहे.’ तुम्ही लिहायला हवी होतीत ती ओळ.

अठरा फायली अशा सुटल्या. प्रस्तावना सुटली नाही. ती ज्या फायलीत होती तिच्यातच मी सगळं ओतलं होतं आणि तीच साफ करून सेव्ह केली होती. तिची दुसरी प्रत नाही. संगणक तर तुमच्यामागे दोन वर्षांत भंगारात गेला. कपाट पाहिलं, माळा पाहिला, छापील कागद कुठे नाही. प्रस्तावना दीडच पान आहे आणि त्यात कारखान्याबद्दल, तुमच्या उस्तादांबद्दल जे आहे ते तुम्ही स्वतः पाहिलेलंच असणार, त्याबद्दल शंका नाही. अडते ती शेवटून तिसऱ्या ओळीवर. ‘माझी मुलगी वर्तमानपत्रात आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट ती बरोबर हेरते आणि हात हलका ठेवून काढते.’ ही ओळ मी शनिवारी वाचली होती. घाईत होते. ती सरळ होती की तिरकी, मला आठवत नाही.

मी आईला विचारलं. ती गवार मोडत बसली होती.

“अण्णा माझं काम कधी पाहायचे का गं?”

“पेपर रोज वाचायचे की.”

“माझं काम म्हणतेय मी.”

“त्याच्यावर तुझं नाव कुठे असतं? त्यांना काय स्वप्न पडणार होतं?” मग शेंगेची शीर ओढत म्हणाली, “एकदा किल्ली द्यायला आले होते ना तुझ्या ऑफिसात.”

आले होतात. चिंचवडचं जुनं ऑफिस. मी घराची किल्ली विसरले होते. माझ्या मागे एक स्टूल होतं, त्यावर तुम्ही बसलात. मी एका वार्ताहराची लांबलचक बातमी कापत होते, अर्धी करायची होती आणि त्याचा एकही मुद्दा जाऊ द्यायचा नव्हता. चहा विचारला, नको म्हणालात. वीसेक मिनिटांनी वळून पाहिलं तर स्टूल रिकामं, किल्ली टेबलावर पट्टीशेजारी. मला वाटलं, कंटाळून गेलात. त्या वीस मिनिटांत तुम्ही माझ्या हातांकडे पाहत होतात की खिडकीबाहेर, हे सांगू शकेल असं कुणी नाही.

आज सोमवार. सव्वानऊला फाइल पाठवली. दहा मिनिटांत महाळुंग्याहून त्यांचा फोन आला, मागे मशीनचा आवाज. “ताई, आता बरोबर झालं बघा. चाकाची ओळ तिरकी आली. फकस्त एक इचारतो, प्रस्तावनेत तिरकं काईच न्हाई. तशीच होती का?”

“हो,” मी म्हणाले. “तशीच होती.”

“मग टाकतो झेरॉक्सला.”

दुपारपर्यंत प्रती निघाल्याही असतील. पहिल्या पानावर माझी ती ओळ आहे, आणि पान उलटलं की तुमची, सरळ अक्षरांत. हे पत्र मी फाइल म्हणून सेव्ह केलेलं नाही, करणारही नाही. ‘पाहिलंस की ऐकलंस?’ असं मला विचाराल तर अण्णा, ती ओळ सरळ होती हे मी पाहिलेलं नाही.