पडदेवाल्याची वाटी

३ एप्रिल

हे आज लवकर घरी आले. चपला दारात उलट्यापालट्या पडल्या, सरळ केल्या नाहीत.

पालिकेच्या नाट्यगृहात आता व्यवस्थापकाने स्वतः कुणालाच कामावर ठेवायचं नाही. वरून आदेश आलाय. माणसं ठेकेदार पाठवणार. म्हणजे ह्यांनी नुसतं कुलूप उघडायचं! पडदा ओढणारे गफूरभाई, इतक्या वर्षांचे, पण रोजंदारीवरचे. आजपासून बंद.

आदेश उगाच आला नाही म्हणा. ह्यांच्या आधीच्या व्यवस्थापकाने आपला मेहुणा भरला होता. तो पगार इथला घ्यायचा आणि औशात दुकान चालवायचा. "चोर सोडून संन्याशाला सुळी," हे म्हणाले.

४ एप्रिल

जेवले नाहीत. भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला टाकली.

११ एप्रिल

लातूरची मंडळी नाटक घेऊन आली होती. ठेकेदाराचा माणूस आलाच नाही. लोक बसलेले, पडदा बंद! शेवटी ह्यांनी गफूरभाईंना फोन केला. ते लुंगीवरच आले. पैशाचं नाव काढलं नाही.

वाटी आली. नाटकाआधी मंडळी रंगमंचावर नारळ फोडतात, त्यातली एक वाटी पडदेवाल्याची, अशी तिथली रीत. गफूरभाई ती नेहमी माझ्यासाठी धाडतात. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, आम्ही बाबासाहेबांची माणसं, पूजेचा प्रसाद घेत नाही. त्यावर निरोप आला, "वहिनीला सांगा, प्रसाद म्हनून नको, खोबरं म्हनून घ्या. मीबी तसाच घेतो." तेव्हापासून घेते. चांगलं खोबरं वाया कशाला घालवायचं?

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. पाणी वाटायला उभी होते, तिथं सुलतानबी शोधत आली. गफूरभाईंची बायको. नेहमी चेष्टा करते, आज नाही. हात धरून म्हणाली, "भाभी, ह्या वयात ह्यांना कोन ठेवंल? पडद्याबिगर दुसरं कामच येत न्हाई." मी म्हटलं, हे भांडून राहिलेत. खरंच भांडून राहिलेत.

संध्याकाळी आईचा फोन, किनवटहून. माझ्या धाकट्या भावाची, प्रीतमची, पोलीस भरती पुन्हा हुकली. आता वयही संपलं. दिवसभर पारावर बसून असतो म्हणे. आई रडत होती. ताटावर बसलेल्या माणसाला असलं सांगू नये, पण ह्यांना सांगितलं. मागितलं काही नाही! ह्यांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

२८ एप्रिल

मुख्याधिकाऱ्यांपुढे बैठक झाली. नाट्यगृह मी चालवायचं, शिव्या मी खायच्या, मग माणूस दुसऱ्यानं का निवडायचा — असं हे तोंडावर बोलले. साहेब म्हणाले, "आज गफूर म्हणता. उद्या तुमचाही मेहुणा येईल."

"माझा येणार न्हाई साहेब."

घरी येऊन ह्यांनी ते दोनदा सांगितलं. मला बरं वाटलं. लगेच प्रीतम आठवला — मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. अष्टशील घेतलं. दुपारी ह्यांचा फोन आला. मान्य झालं! एक माणूस, व्यवस्थापकाच्या सहीनं, वर विचारायची गरज नाही.

दूध अर्धा लिटर जास्त घेतलं, आज जिवावर आलं नाही. खिरीचा डबा घेऊन मीच सुलतानबीकडे गेले. "काम झालं," म्हटलं. तिनं पदर पसरून दुवा दिली. ह्यांना, लेकरांना, माझ्या माहेरालासुद्धा.

१५ मे

ह्यांना सही झाली का, विचारलं. "झाली," म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर कालचा होता.

मग गफूरभाईंचं विचारलंच नाही मी. झाली म्हणाले ना!

१७ मे

खिरीचा डबा दारात ठेवलेला सापडला. लख्ख घासलेला. सुलतानबीनं कडी वाजवली नाही. तिच्याकडून डबा कधी रिकामा येत नाही, चिमूटभर साखर तरी असते. आज रिकामा.

१९ मे

संध्याकाळी ह्यांच्या मागोमाग प्रीतम आला. चार दिवस झाले म्हणे, तोच पडदा ओढतोय, झोपतोही नाट्यगृहातच. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"ताई, घे. पडदेवाल्याची वाटी."

ह्यांनी चपला काढून जोडीनं सरळ लावल्या. किती वेळ लावत होते.

घेतली मी.