बोटावरचं वंगण

प्रिय लिडिया,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, छप्पर गळत नाही आणि मांजरही जागेवर आहे. फोनवर बाबा ‘बरं’ आणि ‘हो का’ यांच्या पुढे जात नाहीत, मग आज एवढं लिहायला कुठून आलं, असं तुला वाटेल. तळघरात आईच्या कामाच्या बाकाशी बसून लिहितो आहे. इथे बसलं की मला थोडं जास्त सुचतं.

आधी बातम्या. डोंगरावरचे ओक लाल होऊन आता तपकिरी व्हायला लागलेत. चर्चच्या बायकांनी सफरचंदाचं बटर शिजवलं, त्यातली एक बरणी तुझ्यासाठी ठेवली आहे. क्लेअरमामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्याला यंदा डोंगर चढायला मनाई केली, तेव्हापासून तो डॉक्टरांना ‘तो पोरगा’ म्हणतो. रोज दुपारी काठी टेकत येतो, आपल्या स्वयंपाकघरात बसतो, पाय खुर्चीवर ठेवतो आणि पाय संपेपर्यंत, म्हणजे सफरचंदाचा, खायचा पाय, हलत नाही. म्हणजे यंदा हरणांच्या शिकारीच्या हंगामात आईच्या जागेवर, त्या वरच्या खडकापाशी, बसायला आपल्या घरातलं कोणीच नाही. हे मी सहज म्हणून लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणालीस, “बाबा, यंदा मी हंगामाला येत नाही. आईने भरलेली काडतुसं संपली. त्या जुन्या जातीची आता दुकानात मिळतही नाहीत. नुसती रायफल घेऊन येऊन काय करू?” मी ‘बरं’ म्हणालो. मार्चमध्ये आईला दफनभूमीत पोचवून झाल्यावर ती रायफल तू गाडीत घालून ओहायोला नेलीस, ते मला आवडलं होतं. तुझ्या आजोबांची, मग आईची, आता तुझी. फोन ठेवला आणि मी भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली. मग तळघरात आलो आणि फळीवरची आईची डबी खाली काढली. आत उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या, तिनेच जपून परत आणलेल्या. बाकावर पुंगळ्या साच्यात दाबायची तिची प्रेस होती. मला वाटलं, जन्मभर पोरांना भूमिती शिकवली, पुंगळी पुन्हा भरायला असं काय लागणार आहे?

तुला हे सगळं लहानपणापासून ठाऊक आहे. मला नव्हतं. म्हणून मला जसं कळत गेलं तसंच लिहितो. बार उडाला की पुंगळी फुगते. तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावं लागतं, त्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही. मी काय केलं, तर आधी सगळ्या पुंगळ्या साबणाने धुतल्या, वाळवल्या आणि चष्म्याच्या फडक्याने पुसून लख्ख केल्या. आई बघती तर म्हणाली असती, लग्नाला नेतोस का त्यांना? मग एक साच्याखाली बसवली आणि प्रेसचा दांडा ओढला. निम्म्यावर गेली आणि थांबली. मी जोर लावला. आणखी थोडी गेली आणि मग खालीही येईना, वरही जाईना. मी दांड्याला अक्षरशः लोंबकळलो. कड्कन आवाज आला. पुंगळीच्या बुडाची कड तुटून हातात आली आणि बाकीची पुंगळी साच्यातच राहिली.

क्लेअरमामाला बोलवावंच लागलं. त्याने साचा डोळ्यासमोर धरला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “मास्तर, वंगण कुठलं लावलं होतंस?” मी म्हटलं, “वंगण? मी तर पुसून घेतल्या.” तो खुर्चीवर बसला आणि इतका हसला की गुडघा धरून विव्हळायला लागला, आणि विव्हळता विव्हळता पुन्हा हसला. “अरे, बोटात अंगठी अडकली तर साबण लावतात ना? पितळ पोलादात कोरडं घालतोस आणि वर भूमिती शिकवतोस!” मग त्याने पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट पिळला आणि ती दाढ उपटावी तशी बाहेर काढली. जाताना म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस. नवशिक्याची एक तरी अडकतेच. माझ्या दोन अडकल्या होत्या.” दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “तुझ्या वर्नाची एकही नाही. पण ती बाईच वेगळी होती.”

माझा स्वभाव तुला माहीत आहे. एकदा चुकलो की मी दुसऱ्या टोकाला जातो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधलं तेल आणून पुंगळ्यांना माखलं. आता दांडा छान फिरला, पुंगळ्या पटापट बाहेर पडल्या, मी खूष. मग चष्मा लावून बघितलं तर प्रत्येकीच्या खांद्याला, म्हणजे जिथे ती मानेकडे निमुळती होते तिथे, पोचा. क्लेअरमामाने एक उचलली, बोटावर फिरवली आणि म्हणाला, “हे काय, पावाला लोणी लावतोस का? तेल दाबलं जात नाही, मास्तर. त्याला जायला जागा नसली की ते पितळेला आत ढकलतं. हे तुझ्याच शास्त्राच्या पुस्तकात असेल.” मी म्हटलं, शास्त्र मी शिकवत नव्हतो, ते शेजारच्या वर्गात. तो म्हणाला, “मग तिकडे जाऊन बसायचं होतंस जरा.” कमी लावलं तर अडकते, जास्त लावलं तर पोचा पडतो. मग किती लावायचं? मी विचारलं, मापात सांग. त्याने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली आणि म्हणाला, “एवढं.” हे काय उत्तर झालं?

आता एक गोष्ट सांगतो, ती क्लेअरमामाला माहीत नाही. आईच्या हातांना एक वास होता. तुलाही आठवत असेल, किंचित लोकरीसारखा, उबदार. इतकी वर्षं मी समजत होतो की ते तिचं हाताला लावायचं क्रीम. एप्रिलमध्ये तो वास घरातून जायला लागला. उशीतून गेला, तिच्या स्वेटरमधून गेला. म्हणून मी औषधांच्या दुकानात गेलो आणि फेटरॉल्फबाईंना म्हटलं, बायका हाताला लावतात ती सगळी क्रीमं दाखवा. एकेक डबी उघडून वास घेत बसलो. गुलाब, बदाम, काकडी, काय काय. एकही ती नव्हे. शेवटी फेटरॉल्फबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मिस्टर क्रेब्स, कोणासाठी घेताय ते सांगितलंत तर मला मदत करता येईल.” मी काहीच न घेता बाहेर पडलो. पुढच्या रविवारी चर्चमध्ये दोघी-तिघींनी मला विचारलं, सध्या कसं चाललंय, आणि विचारताना माझ्या शेजारची रिकामी जागा निरखून बघितली. मेपर्यंत सगळ्या गावाला माझी एक मैत्रीण माहीत होती. फक्त मलाच नव्हती.

पोचे पडलेल्या पुंगळ्या बाजूला सारून मी आईचा खण पुन्हा धुंडाळला. मागे एक पत्र्याची चपटी डबी होती, झाकण गंजलेलं. आईने स्वतः केलेलं वंगण, मेंढीच्या लोकरीतून निघते त्या चरबीचं. मी झाकण उघडलं. लिडिया, तोच वास. ते हाताचं क्रीम नव्हतंच कधी. पुंगळ्यांना लावून झालं की उरलेलं ती हातांना चोळत असणार, वाया कशाला घालवायचं म्हणून. आणि मी इतकी वर्षं मनात म्हणत होतो, किती नाजूक आवड आहे हिची. मी थोडा वेळ काम थांबवलं. नंतर एकटाच हसलो, तेही बऱ्यापैकी मोठ्याने. मांजर जिना चढून निघून गेलं.

त्या दिवसापासून मला जमायला लागलं. डबीत बोट नुसतं टेकवायचं, दोन बोटांत आणि अंगठ्यात पुंगळी फिरवायची, खांद्याला हात लावायचा नाही. मानेच्या आतून ब्रश फिरवायचा. चमक दिसली तर जास्त झालं. बोटाला पितळ खरखरलं तर कमी. मी ते तराजूवर मोजायचा प्रयत्न केला, तराजू हललासुद्धा नाही. पण बोटाला कळतं. दांडा खाली येतो तेव्हा लोण्यातून सुरी जावी तशी पुंगळी आत जाते आणि तशीच परत येते. मग वंगण पुसून टाकायचं, अगदी पूर्ण, कारण तेलकट पुंगळी रायफलीत गेली तर धरून राहत नाही आणि सगळा धक्का मागे येतो. ते मला क्लेअरमामाने इतक्या वेळा सांगितलं की मी त्याला पाठ म्हणून दाखवतो. बंदुकीच्या दारूचं वजन मात्र त्याच्या समोर, छापील पुस्तक उघडं ठेवून. तिथे बोटाचा अंदाज चालत नाही आणि तो मला चालवूही देत नाही.

आमची ओळख नवीन होती तेव्हा आईने मला अग्निशमन दलाच्या नेमबाजीच्या स्पर्धेला नेलं होतं. टर्कीचं बक्षीस होतं. मी तिला वारा, अंतर आणि गोळीचा उतार यांचं गणित समजावून सांगत होतो. ती म्हणाली, “तुझं झालं असेल तर जरा बाजूला हो.” आणि टर्की घेऊन घरी आली. ती मला का आवडली ते सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. बाकी मला सांगता येत नाही.

तर काडतुसं तयार आहेत. क्लेअरमामाने एकेक मापात घालून बघितलं. एक बाजूला काढलं आणि म्हणाला, “ही पोरगी जरा वाकडी आहे.” बाकीची पास झाली. पण तो म्हणतो, “माझं माप म्हणजे माहेर. पुंगळीचं सासर म्हणजे ती रायफल. तिथे नांदते का, हे तिथे गेल्याशिवाय कसं कळणार?” आणि रायफल तुझ्याकडे आहे. मी पोस्टात जाऊन विचारलं, काडतुसं ओहायोला पाठवता येतील का. खिडकीत आर्लीन होती, तुझ्या पुढच्या वर्गातली. ती म्हणाली, “मिस्टर क्रेब्स, टपालाने काडतुसं? तुम्ही मला भूमितीत पास केलं होतंत, म्हणून मी हे ऐकलंच नाही असं समजते.” तेव्हा काडतुसं जाऊ शकत नाहीत. पत्र जातं, म्हणून पत्र लिहितो आहे.

आता खरं ते लिहितो. थँक्सगिव्हिंगनंतर हंगामाचा पहिला दिवस आला की तुम्ही सगळे डोंगरावर जायचात आणि मी घरी राहायचो. बाबांना थंडी सोसत नाही, असं तुम्ही म्हणायचात. सोसत नाहीच. पण तुम्ही गेलात की मी कोट घालून स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून उभा राहायचो. उजाडलं की चहूकडून बार ऐकू यायचे, कोणी दोन, कोणी चार. आईचा एकच असायचा. जाडसर, तुटका, वरच्या खडकाच्या बाजूने. तो ऐकला की मी दार लावायचो आणि कांदा चिरायला घ्यायचो. ती हरणाचं काळीज घेऊन आत यायची, तवा तापलेला बघायची आणि विचारायची, “तुला कसं कळलं?” मी म्हणायचो, “अंदाज.” यंदा त्या सकाळी दार उघडून काय ऐकायचं, ते मला समजेना, म्हणून तुझ्या फोननंतर मी तळघरात उतरलो. तुला रजा मिळत असेल, आणि यावंसं वाटत असेल, तर रायफल घेऊन ये. हंगामाआधी दोन दिवस आलीस तर काडतुसं तपासूनही होतील. वरच्या खडकापर्यंत चढ आणि एक बार कर. हरणाला लागला नाही तरी चालेल. मला स्वयंपाकघरात ऐकू आला म्हणजे झालं.

तुझाच,
बाबा