दुसऱ्या मुसळाचा आवाज

मी, आयव्ही लाँगबोन, लेनापे या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ड्यूई, ओक्लाहोमा, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहिते आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

१. राहतं घर धाकटा भाऊ वेंडल याला. "ताई, ज्यांनी आपल्याला हाकललं, त्यांच्याच पोरांना तू मका कांडून दाखवतेस," असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा. आणि दर उन्हाळ्यात माझ्या गाडीचं तेलपाणीही तोच बघायचा. पश्चिमेकडचं छप्पर गळतं, ते त्यानं बघावं.

२. बँकेत जे असेल ते जमातीच्या भाषावर्गाला.

३. हरणाच्या कातड्याचा पोशाख, कासवाच्या पाठीचा खुळखुळा, उखळ आणि मुसळ वेंडलची मुलगी रोझेला हिला. या वस्तू घेऊन मी सव्वीस उन्हाळे पूर्वेला, डेलावेअर नदीकाठी, आमच्या मूळ मुलखात गेले. तिथं एका संग्रहालयानं झाडाच्या सालींची घरं उभारून आमचं जुनं गाव वसवलं होतं. मका कसा कांडायचा, मासे धुरावर कसे सुकवायचे, तान्ह्या बाळाला फळीला कसं बांधायचं, हे मी येणाऱ्यांना दाखवायचे. एकदा एक शिक्षिका म्हणाली, "अय्या, मला वाटलं तुम्ही लोक कधीच संपलात." मी म्हटलं, "मला अजून कुणी कळवलेलं नाही."

४. उखळासोबत एक अट आहे. ती समजावी म्हणून हे लिहिते.

जुलै १९८४. भर दुपारी, साठेक माणसांसमोर मी कांडत होते. थांबले, तर मुसळाचा आणखी एक घाव ऐकू आला. गाड्या लावायच्या मैदानामागून. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी तो आवाज माझ्या दोन घावांच्या मधोमध पडू लागला, एका उखळात दोघी बायका कांडतात तसा. एक माझा, एक तिचा. लोकांना वाटलं पडसाद. माझे हात मात्र थांबेनात.

तिथले प्रमुख ग्रँथम यांना सांगितलं.

"डोंगराचा पडसाद आहे, आयव्ही."

"मग मी थांबले तरी तो का चालू राहतो?"

ते हसले. ऑगस्टमध्ये नव्या स्वच्छतागृहांसाठी नेमकी तीच जागा खणली. आत एक बाई निघाली, नुसती हाडं उरलेली, गुडघे पोटाशी घेतलेली, हाताजवळ दगडी मुसळ. मी म्हटलं, "माती लोटा हो तिच्यावर." ग्रँथम म्हणाले, "काचेच्या कपाटात ठेवू. लोकांना तिची माहिती तू दे."

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना मी तिला आणि तिच्या मुसळाला पोशाखाच्या ट्रंकेत ठेवलं आणि निघाले. ही चोरी मी कबूल करते. यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

ड्यूईला आणून तिला आमच्या दफनभूमीत रीतीनं पुरलं. तिला घरी आणलं अशी माझी समजूत. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी दहाला माझ्या स्वयंपाकघरात आवाज आला. कांडण्याचा नव्हे. रिकाम्या उखळात मुसळ गोल गोल फिरवल्याचा. मग रोज. वेंडलनं ऐकलं त्या दिवसापासून त्याची टिंगल बंद झाली. एका सकाळी तो म्हणाला, "ताई, तिनं ओक्लाहोमा कधी पाहिलं होतं? आपल्याला त्यांनी इथं आणून टाकलं. तिला तू आणलंस."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तिला वर काढलं.

दोन दिवसांचा रस्ता. तिला डेलावेअर नदीवरच्या एका उतारावर पुरलं. त्या मुलखात पाय ठेवणार नाही म्हणणारा माझा भाऊ नंतर तासभर गुडघाभर पाण्यात उभा होता. स्वयंपाकघरातला आवाज थांबला. जागा वेंडलनं रोझेलाला तोंडी सांगावी, कागदावर उतरवू नये.

अट अशी: रोझेला, पोरी, शिकवणं सोडू नकोस. मीही पुढं इथल्या शाळांतून शिकवतच राहिले. पण त्या नदीकाठी मका कांडून दाखवू नकोस. तिथं ऐकणारे फक्त समोर बसलेले नसतात.

५. त्या संग्रहालयात माझा फोटो अजून लावलेला आहे. राहू दे. खाली 'शेवटची लेनापे स्त्री' असं लिहिलंय, त्यातला पहिला शब्द खोडायला लावावा. तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. चौथं वेंडलनं लिहावं, त्याची भाषा माझ्यापेक्षा तिखट आहे.

६. मला ड्यूईतच, माझे यजमान ऑर्व्हिल यांच्या शेजारी पुरावं. मी इथं जन्मले. जीवाला बाहेर पडायला शवपेटीला भोक ठेवावं, त्याभोवती लाल रंग लावावा. बाराव्या दिवशी मक्याची भाकरी आणि द्राक्षरसात शिजवलेले उंडे करावेत. बाहेरचं कुणी आलं तर त्यालाही वाढावं. हे काय, ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर समजावत बसू नये. मी पन्नास वर्षं समजावलं. त्या दिवशी फक्त "जेवा" म्हणावं.

वरील मजकूर मी वाचून, खालील दोघांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) आयव्ही लाँगबोन

साक्षीदार:
१. (सही) बर्निस केचम, शेजारीण
२. (सही) लॉइड पेट्री, औषध दुकानदार

स्थळ: ड्यूई, ओक्लाहोमा
दिनांक: ११ मार्च २००९