डावी कूस

३ ऑक्टोबर
मला सगळे ‘ब्रदर’ म्हणतात! नर्सिंगचा कोर्स संपून अकरा दिवस झालेत फक्त, आणि या वृद्धाश्रमातल्या बावीस आजी-आजोबांचा मी एकुलता एक ब्रदर.

चार नंबरच्या खोलीत दोन पलंग. खिडकीकडे पोस्टआजी. चाळीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर होत्या. कमरेखाली हालचाल नाही, काही जाणवतही नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची — डावी, पाठ, उजवी. नाहीतर अंगाखाली जखम होते. पलंगाच्या पायाशी चार्ट. वेळ, कूस, सही. दाराकडच्या पलंगावर टेलरआजी. वॉकर घेऊन चालतात, दिवसभर काहीतरी शिवत बसतात, बोलतात कमी.

पोस्टआजींनी वय सांगितलं, एकोणऐंशी. मी चार्टवर ८९ लिहिलं. इंग्लिश मीडियम! “अरे, एका फटक्यात दहा वर्षं म्हातारी केलीस मला!” इतक्या हसल्या की खोकला लागला.

९ ऑक्टोबर
मोठ्या सिस्टरनी आज ट्रिक सांगितली. “दिवसभराच्या सह्या सकाळीच मारून टाक. नंतर धावपळीत राहतं, आणि तपासणीला आले की कागदच बघतात.” बावीस माणसं, आम्ही दोघं. बरोबरच आहे त्यांचं. मी तर दोन वेगळी पेनं वापरली. खरं वाटावं म्हणून! हुशार ना?

पोस्टआजी बघत होत्या. “उद्याचा शिक्का आज मारला तर आमच्याकडे नोकरी जायची, बाळा. आणि शिक्का मारला म्हणजे पत्र पोचलं, असं नसतं.”
मी हसलो. त्याही.

१४ ऑक्टोबर
हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम केला. माझी आयडिया! अकरा व्हीलचेअर्स, मी माइकवर. कधी न बोलणारे आजोबासुद्धा गायले. जेवणंही तिथेच. संपायला चार वाजले.

चार.

दहाला पोस्टआजींना डाव्या कुशीवर केलं होतं. चारला गेलो तर तशाच. दोनला धावत दारात आलो होतो, ते आठवलं. चार्टवर बारा आणि दोनच्या सह्या होत्या. म्हणजे झालंय, असं वाटलं. सही माझीच, सकाळी मीच मारलेली — तरी हायसं वाटलं मला!

“दमलास का रे?” एवढंच म्हणाल्या. कूस बदलली. डाव्या खुब्यावर लाल चट्टा. बोटाने दाबलं की लाली पांढरी व्हायला हवी. झाली नाही.

कुणाला सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर
जखम उघडली. मोठ्या सिस्टर चार्ट चाळून म्हणाल्या, “चार्ट तर चोख आहे. वय झालं की होतं असं.” मी मान डोलावली. मान डोलावली मी!

२७ ऑक्टोबर
जखम चिघळलीय, पोस्टआजींचा ताप उतरत नाही. मला ओळखलं नाही त्यांनी. खिडकी बंद झाली, उद्या या, म्हणाल्या.

३१ ऑक्टोबर
पोस्टआजी गेल्या. सकाळी साडेदहाला.

लेक आली होती. माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही घरच्यासारखं केलंत. चार्ट बघितला मी. एकदासुद्धा चुकवलं नाहीत.”

४ नोव्हेंबर
पलंग रिकामा आहे. गादी नवी, चादर मीच ताणून घातली. दहाला खोलीत गेलो — उशीवर खळगा. डाव्या बाजूला. कुणीतरी तोंड भिंतीकडे करून झोपल्यासारखा.
झटकली. बाराला परत. तोच खळगा.
दोनला आत गेलोच नाही. बाहेर उभा राहिलो.

६ नोव्हेंबर
घरी डाव्या कुशीवर झोपताच येत नाही. आई म्हणते, झोपेत काय वळवत असतोस रे सारखं, हवेत हात करून? मी थट्टेवारी नेलं.

१० नोव्हेंबर
रोज. दहा, बारा, दोन.

आज उशी झटकताना टेलरआजी बोलल्या. महिन्याभरात पहिल्यांदा, नीट.
“ती मी दाबते.”
मी उशी खाली ठेवली.
“तुझी पाठ वळली की जाते वॉकर घेऊन. तुला दिसावं म्हणून.”

मग उशाखालून पांढरा रुमाल काढला. ओळीत लाल टाके. “तुमच्या कागदावर माझा भरवसा नाही. एक ओळ, एक दिवस. तिला वळवलं की एक टाका.” एका ओळीवर बोट ठेवलं. मधे दोन टाक्यांची जागा कोरी.

“बेल दाबली मी. दोनदा. हॉलमध्ये गाणं चालू होतं. तुझाच आवाज. मग दारात आलास, चार्ट बघितलास. आमच्याकडे नाही बघितलंस. हाक मारेपर्यंत गेलास.”

“कुणाला सांगितलं का नाहीत?”
“तू सांगशील, म्हणून थांबले.”

११ नोव्हेंबर
मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. “सह्या काय तुझ्या एकट्याच्याच आगाऊ असतात? त्यांची लेक समाधानाने गेली ना? मग कशाला खपली काढतोस?” अळीमिळी गुपचिळी.

घरी येऊन लेकीला पत्र लिहिलं. सगळं. चार वेळा फाडलं.

१२ नोव्हेंबर
पत्र पेटीत टाकलं. टाकल्यावर हात बराच वेळ आतच होता. शिक्का बसेल. पोचू दे.

१५ नोव्हेंबर
टेलरआजी परवा बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला; ऑपरेशन झेपणार नाही म्हणून दवाखान्यातून परत आणलं. आता त्यांनाही वळवायचं, दर दोन तासांनी.

सकाळी आठला चार्ट लावायला गेलो. लावलेला होता. रात्री आठपर्यंत भरलेला. नाव माझं, अक्षर मोठ्या सिस्टरचं.

टेलरआजींनी रुमाल आणि सुई माझ्यापुढे धरली.
“माझे टाके कोण घालणार, ब्रदर?”