मायाप्पाचं लाल पाणी

३ मार्च १९७४
आज दारासमोरच्या गटारात लाल पाणी. काल हिरवं होतं. शेजारचा मायाप्पा सूत रंगवतो आणि उरलेला रंग भवानी पेठेला पाजतो. रेल्वेच्या क्लेम्स सेक्शनमधून रिटायर झाले ती बारा महिने रंगपंचमी बघायला नव्हे. पण कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला शिकवलं होतं की तक्रार करायची तर उपायासकट. तेव्हा ठराव: धंदा बंद पाडायचा नाही. वाढवायचा, पण स्वच्छ. आणि माझ्या देखरेखीखाली.

५ मार्च
मायाप्पाला बोलावून योजना सांगितली. रंग पक्केच वापरायचे. पाणी गटारात सोडायचं नाही, शोषखड्ड्यात मुरवायचं. कामाच्या बायकांना रबरी हातमोजे द्यायचे. प्रत्येक वाक्याला "व्हय बाई." अशा माणसाचं मत देवाला तरी कळतं का? त्याची आई बसव्वा मात्र तोंडाळ. म्हणाली, "तुमाला दिसतंय म्हनून राग हाय. दिसंनासं झालं की झालं, न्हवं का?" अडाणी प्रश्न.

११ मार्च
त्यांना खड्डा रस्त्याकडे हवा होता. सपशेल नाकारलं. जागा मी दाखवली: आमच्या सामाईक भिंतीला लागून, म्हणजे खिडकीतून लक्ष ठेवता येईल. बसव्वा म्हणे, "पलीकडं तुमची हीर हाय की, यव्वा." मध्ये दीड फुटाची दगडी भिंत आहे, ती काय शोभेला?
ही विहीर बहात्तरच्या दुष्काळातही आटली नाही. सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावायची आणि मी अंगणात खुर्ची टाकून बघायची. त्या रांगेत मी जन्मात उभी राहिले नाही. राहणारही नाही.

२ एप्रिल
खड्डा तयार. गटार कोरडं ठणठणीत. पाणी सोडण्यावरून गल्लीची भांडणं मिटल्यामुळे मायाप्पा दुप्पट सूत रंगवतो. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागवाल्यांची मोठी ऑर्डर मिळाली त्याला. आभार? नाव नको. हातमोजे घालून बायकांनी चुलीवरची कढई उतरवली. रबर वितळलं. या लोकांचं भलं करणं सोपं नाही.

१९ जून
विहिरीचं पाणी किंचित गुलाबी वाटलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

२४ जून
चष्मा नवा. पाणी तसंच. बादली गंजली असणार.

२६ जून
बादलीही नवी. पांढरं पातळ धुऊन आलं ते गुलाबी. धुणं धुणाऱ्या गोजरबाईला तडकाफडकी काढून टाकलं. जाता जाता म्हणाली, "तुमच्याच हिरीच्या पान्यात धुतलं, माझ्या घरनं रंग आनला न्हाई." वर उलट उत्तर!

३० जून
आज माझ्या आमंत्रणावरून सॅनिटरी इन्स्पेक्टर आदर्श खड्डा बघायला आले. मी चार शब्द बोलले. उद्योग सुधारला की शेजाऱ्याचं पाणीसुद्धा निर्मळ राहतं, हे सांगून पुराव्यादाखल विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात पुढे केलं. ते म्हणाले, "सरबत नको बाई, मला डायबेटिस आहे."
भिंतीपलीकडून बसव्वा खिंकाळली.
मग त्यांनी ग्लासाचा वास घेतला, विहिरीत डोकावून पाहिलं आणि खड्ड्याची जागा कोणी ठरवली ते विचारलं. चार महिन्यांत मायाप्पा पहिल्यांदाच 'व्हय' सोडून काही बोलला. म्हणाला, "बाईंनी."

३ जुलै
विहिरीवर फळ्या ठोकल्या. वापर बंद. खड्डा बुजवला, पण मुरलेलं वर कोण काढणार? मायाप्पाला काय त्याचं! त्याने एमआयडीसीत मोठी शेड घेतली. म्हणजे धंदा वाढलाच. योजना तत्त्वतः यशस्वी.

५ जुलै, सकाळी
नळ. अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती, जसं काही कधी कोणी माणूस पाहिलंच नाही. पुढे बसव्वा. मान वळवून म्हणाली, "बाई, पातळ कुटनं घेतलं? रंग लई झ्याक बसलाय की."
मी म्हणाले, पक्का आहे. माझ्याच सांगण्यावरून वापरलाय.
तिची घागर भरली आणि नळ गेला.
उद्या खुर्ची घेऊन जायची. रांगेत ठेवायला.