खर्च कोणाच्या माथी

सान ब्लास, १४ ऑक्टोबर

प्रिय एवारिस्तोदादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. पाऊस सरलाय, डास तेवढे उरलेत. तुझं गॅरेज बुडालं हे वाचून वाईट वाटलं, असं लिहिणार होते. पण तुला खोटं कशाला लिहू? त्यात तू माझ्यापेक्षा तरबेज.

मागच्या दोन खोल्या मागतोस. "आईचंच घर ना, ओती," म्हणतोस. बारा वर्षांपूर्वी हेच घर मॉरीनबाईंना विकून आलास, तेव्हा जेवताना काय म्हणाला होतास?

"कॅनडाच्या बाईला आपल्या देशात समुद्रकाठी स्वतःच्या नावावर घर घेता येत नाही. बँकेला मध्ये घालून ट्रस्ट करावा लागतो. बँक काय फुकट बसते? नोटरी, परवाना, कर, सगळं आपल्याच माथी! अर्धे पैसे त्यातच गेले."

आई म्हणाली, "जाऊ दे रे, तू तरी किती धावशील." आणि माशाचा मोठा तुकडा तुझ्याच ताटात वाढला.

उरलेले तू गॅरेजसाठी "उसने" घेऊन ग्वादालाहाराला गेलास. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा तेपिकला न्यायला हवं होतं. माझ्या पैशांत एकदाच जमायचं. तोर्तियाच्या दुकानामागे, भाड्याच्या खोलीत वारली ती.

मग मी मॉरीनबाईंकडे स्वयंपाकाला लागले. आपल्याच घरात. तिसऱ्या वर्षी ट्रस्टची वार्षिक फी भरायला त्या मला बँकेत घेऊन गेल्या. मी सहज म्हटलं, "सुरुवातीचा खर्च आमच्यावर पडला, आता तुमच्यावर."

बाई हसल्या. "कोणी सांगितलं तुला? नोटरी, परवाना, बँक, सगळं मीच भरलंय. घेणाऱ्यानेच भरायचं असतं. तुझ्या भावाने मला साधी कॉफी पाजली नाही."

घरी येऊन त्यांनी पावत्या दाखवल्या. एकूण एक त्यांच्या नावाची. मी पपई चिरायला बसले.

मार्चमध्ये बाई वारल्या. आपल्यानंतर घर कोणाला, तिथे ट्रस्टमध्ये त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मी इथलीच, मला मध्ये बँक कशाला? ट्रस्ट मोडला, घर सरळ माझ्या नावावर झालं. तो खर्च मात्र खरोखर माझ्या माथी आला. पै न पै भरली.

पावत्यांच्या नकला काल वहिनीच्या नावाने टपालात टाकल्यात. तुझ्या खर्चाच्या गोष्टीवर विश्वास ठेवून तिने आईच्या औषधांसाठी कानातली विकली होती. तिला यायचं असेल तर मुलांना घेऊन खुशाल यावं, दोन्ही खोल्या तिच्या. तू यायचं नाहीस.

आणखी एक सांगायचं राहतंय. नाव लिहायच्या वेळी बाईंनी विचारलं होतं, "तुझ्या भावाचंही घालू? अर्धं-अर्धं?"

मी म्हटलं, "तो वारला."

त्या रडल्या, दादा. तेव्हापासून दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आईशेजारी तुझा फोटो मांडायच्या, झेंडू वाहायच्या, मेणबत्ती लावायच्या. मी कधी अडवलं नाही. यंदा बाईंचाही फोटो असेल. तुझा मी हलवणार नाही.

तुझ्या पश्चात एक बहीण,
ओतिलिया